चष्मा, लेन्स की लेझर? नंबर मोठा, वय ४२ आणि काम अगदी डोळ्याजवळचं – मदत हवी आहे

तासकाटा

नमस्कार मंडळी,

वय ४२. चष्म्याचा नंबर उजवा −६, डावा −५.५, दोन्हीकडे ०.७५ सिलिंडर (बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा नंबर). नंबर बऱ्याच वर्षांत हललेला नाही. आत्तापर्यंत बहुतेक वेळ चष्मा, आणि ट्रेकला जाताना महिनाभर चालणाऱ्या लेन्स.

चष्म्याचा आता खरंच कंटाळा आलाय. पावसात काही दिसत नाही, चढावर घाम आला की तो नाकावरून घसरतो, मास्क लावला की धुकं. लेन्स घातल्या की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. त्यामुळे घरचे आणि मित्र सगळे एकच सांगतायत, "एकदाची लेझर करून टाक आणि मोकळा हो." एका ठिकाणी प्राथमिक तपासणीही केली. तिथल्या समुपदेशकाने कागद बघून लगेच "तुम्ही फिट आहात, पंधरा मिनिटांचं काम" असं सांगून तारीखही विचारली. मी दिली नाही.

अडकलोय ते वेगळ्याच गोष्टीत. मी जुनी यांत्रिक घड्याळं दुरुस्त करतो. बाकावर बसलो की चष्मा कपाळावर जातो आणि उघड्या डोळ्यांनी काम सुरू. केसासारखी स्प्रिंग, डोळ्यात न मावणारे स्क्रू, सगळं नाकाच्या शेंड्याशी धरून स्वच्छ दिसतं. भिंग लागतं ते फारच बारीक काही असेल तेव्हा. लेझर झाल्यावर हे असंच दिसेल का? समुपदेशकाला विचारलं तर म्हणाला, "सर, सगळंच क्लिअर दिसेल." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येत नाहीये.

माझ्या वयाच्या, मोठा नंबर असलेल्या आणि जवळचं काम करणाऱ्या कोणी हा निर्णय घेतला असेल तर कृपया लिहा.

उंबरठा

मी सत्ताविसाव्या वर्षी लॅसिक (लेझरचाच एक प्रकार) केलं, नंबर −४ होता. आयुष्यातल्या चांगल्या निर्णयांपैकी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसलं. पहिले काही महिने डोळे कोरडे पडायचे, थेंब घालावे लागायचे. रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती हळूहळू कमी झाली. दादा, घाबरू नका, करून टाका.

जुनेखोड

उंबरठा, तुमचं वय आणि धागाकर्त्याचं वय यातच सगळी गोम आहे. मीही तिशीत केलं होतं. आता त्रेपन्न आहे. लांबचं अजून झकास दिसतं, पण औषधाच्या बाटलीवरचं वाचायला चष्मा लागतो. चाळिशी लेझरने टळत नाही. ती बुबुळात नसते, आतलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं त्यामुळे येते, आणि लेझर बुबुळावर होते. माझा धाकटा भाऊ −३ वाला, त्याने काहीच केलं नाही. तो चष्मा काढतो आणि पेपर वाचतो. मी मात्र चष्मा शोधत घरभर फिरतो.

कवडसा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून नंबर काढणं हे माझं काम. तुमचे डोळे मी तपासलेले नाहीत, तेव्हा हे निदान समजू नका. पण तुम्हाला जे पटलं नाही ते का पटलं नाही, एवढं नक्की सांगता येईल.

१०० ला तुमच्या नंबराने भागा. १०० भागिले ६ म्हणजे साधारण १७. तुमचा उजवा डोळा कसलाही जोर न लावता सगळ्यात स्पष्ट बघतो ते १७ सेंटिमीटरवर. बाकीचे लोक वाचतात ३५-४० सेंटिमीटरवरून. वस्तू इतकी जवळ आणता आली की ती मोठी दिसते. भिंग मोजायच्या नेहमीच्या पद्धतीने तुमचा उघडा डोळा म्हणजे जवळपास दीडपट भिंग आहे, आणि ते तुम्ही जन्मभर फुकट वापरताय.

आता लेझरनंतरचं गणित. लांबचा नंबर शून्य झाला की १७ सेंटिमीटरवर बघायला डोळ्याला ६ डायॉप्टरचा (नंबर याच एककात मोजतात) जोर स्वतः लावावा लागेल. बेचाळिशीत सरासरी ५-६ डायॉप्टरच शिल्लक असतात. त्यातले निम्मे हाताशी राखून काम केलं तर डोळे दिवसभर टिकतात. म्हणजे आरामात दिसणारं अंतर साधारण ३५-४० सेंटिमीटर, आणि दरवर्षी ते थोडं लांब सरकणार. "सगळंच क्लिअर दिसेल" हे लांबच्या बाबतीत खरं आहे. बाकावर मात्र तुम्हाला जवळचा चष्मा किंवा आत्तापेक्षा जास्त ताकदीचं भिंग कायमचं लागेल.

हे कोणाच्या सांगण्यावर ठेवायची गरज नाही. पूर्ण नंबराच्या लेन्स घाला आणि बाकावर बसून नेहमीचं काम करून बघा. लेझरनंतर जवळचं जे दिसेल ते बरंचसं असंच असेल. फुकटातली रंगीत तालीम समजा.

एक बारकावा: लेन्स घातल्यावर जवळचं चष्म्यापेक्षाही थोडं कठीण वाटेल. मोठ्या उणे नंबराचा चष्मा डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर पुढे असतो, आणि त्या अंतरामुळे जवळ बघताना डोळ्याला थोडी सवलत मिळते. लेन्स बुबुळावर बसते, ती सवलत जाते. म्हणून चष्मेवाल्यांना चाळिशी उशिरा कळते आणि लेन्स घातल्या की अचानक "हे काय झालं" असं वाटतं. याच कारणाने तुमचा चष्म्याचा −६ लेन्समध्ये −५.५ च्या आसपास येतो. लेझरनंतरही डोळा लेन्ससारखाच वागतो, चष्म्यासारखा नाही.

तासकाटा

कवडसा, खूप खूप आभार. ट्रेकला लेन्स घातलेल्या असताना नकाशा वाचायला हात लांब करावा लागतो हे लक्षात आलं होतं, पण मी ते थकव्यावर ढकललं होतं. करून बघतो आणि कळवतो.

रानवाट

लेन्सबद्दल माझी भर. महिनाभराच्या लेन्स सोडा, रोज नवी घालून रोज फेकायच्या घ्या, तुमच्या सिलिंडरसाठी टोरिक. तुम्ही अधूनमधूनच वापरता, मग डबी, द्रावण, धुणं हा सगळा खटाटोप कशाला? अधूनमधून वापरणाऱ्यांच्याच डबीत घाण साठते. महिनाभराची लेन्स उघडल्या दिवसापासून महिना मोजते, घातली तेवढेच दिवस नाही, हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

आणि ट्रेकवाल्यांसाठी विशेष: ओढ्यात, धबधब्यात, तलावात लेन्स घालून उतरू नका. नळाच्या पाण्यानेही लेन्स किंवा डबी कधी धुवायची नाही. पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असतो, लेन्सखाली तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याला विचारा. तंबूत लेन्स घालून झोपणं हा दुसरा लाडका उद्योग. लेन्स दिवसा घालून रात्री काढणाऱ्यांत बुबुळाचा जंतुसंसर्ग वर्षाला १०,००० मध्ये साधारण चौघांना होतो, घालून झोपणाऱ्यांत हा आकडा विसाच्या घरात जातो. डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही, तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. "उद्या बघू" नाही.

उंबरठा

जवळच्या कामाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मान्य. पण आता लॅसिकच्या पुढच्या पद्धती आहेत ना? स्माइलमध्ये फ्लॅपच नसतो.

कवडसा

आहेत, आणि चांगल्या आहेत. लॅसिकमध्ये बुबुळावर पातळ पापुद्रा, म्हणजेच फ्लॅप, उचलून खालचा थर लेझरने घासतात. पीआरकेमध्ये पापुद्रा नाही, वरची त्वचा काढून घासतात, त्यामुळे पहिले काही दिवस चांगलंच दुखतं आणि नजर सावकाश साफ होते. स्माइलमध्ये आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर काढतात. बुबुळाच्या नसा त्यात कमी तुटतात, म्हणून कोरडेपणाही साधारणपणे कमी. पण तिन्हींचा शेवट एकच, लांबचा नंबर शून्य. जवळच्या प्रश्नाला तिन्ही सारख्याच.

जाता जाता, घासणाऱ्या एक्सायमर लेझरमागे एक भारतीय नाव आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेझर ऊतीचा थर आजूबाजूला न भाजता काढू शकतो. डोळ्याचे डॉक्टर त्यानंतर त्याकडे वळले.

तासकाटा, तुमच्या कागदावर बुबुळाची जाडी असेल तर सांगा.

तासकाटा

जाडी उजवी ५२८, डावी ५२४ मायक्रॉन, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. बाकी रंगीत नकाशे आहेत, त्यातलं मला काही कळत नाही. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालत होतो, कोणी थांबायला सांगितलं नाही. हे चालतं का?

आणि बाकावरचा प्रयोग केला. लेन्स घालून मनगटी घड्याळाचं यंत्र उघडलं. स्क्रूची खाच दिसेना. हात लांब नेला तर दिसते, पण मग इतकी लहान दिसते की चिमटा अंदाजाने चालवावा लागतो. एरवी नुसत्या डोळ्याने होणाऱ्या कामाला सुरुवातीपासून भिंग लावावं लागलं. आमचं भिंग एकाच डोळ्याला लागतं, त्यामुळे खोलीचा अंदाज जातो आणि सुटा भाग जागेवर टेकवताना हात अडखळतो. हे कोणाला सांगून कळणार नाही, पण माझ्या दृष्टीने हा फार मोठा फरक आहे.

कवडसा

लेन्सचं आधी. नाही, चालत नाही. लेन्स बुबुळाचा आकार तात्पुरता बदलते आणि नकाशा चुकीचा येऊ शकतो. मऊ लेन्स किमान एक-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवून मापं घेतात. त्या नकाशांवर कसलाच निर्णय घेऊ नका.

जाडीचा ढोबळ हिशोब: एका डायॉप्टरला साधारण १४-१५ मायक्रॉन घासले जातात. तुमच्या उजव्या डोळ्याला सिलिंडर धरून ९५ च्या आसपास. लॅसिकचा पापुद्रा ११० धरा. ५२८ मधून हे दोन्ही गेले की खाली ३२० च्या वर उरतात. किमान २५० राहायलाच हवेत, बरेच सर्जन ३०० चा आग्रह धरतात. म्हणजे जमतं. पण पापुद्रा आणि घासणं मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत राहावं असाही एक निकष आहे, आणि तुम्ही ३९ च्या जवळ आहात. त्या समुपदेशकाने "फिट" म्हणण्याआधी निदान हे सांगायला हवं होतं. शिवाय जाडी पुरेशी असली तरी नकाशात बुबुळ खालच्या बाजूला शंकूसारखं पुढे आलेलं दिसलं, तर लेझर करत नाहीत. तो निवाडा सर्जननेच करायचा.

संध्याकाळची वाळू हा तिसरा मुद्दा. बारीक काम करताना माणूस पापण्या मिटायचं विसरतो, अश्रूंचा थर फाटतो. तुम्हाला हा त्रास आधीच आहे. लेझरनंतर बहुतेकांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, पण काहींचा रेंगाळतो, आणि आधीपासून कोरडे डोळे असलेल्यांनी तो धोका जास्त धरावा. अश्रूंची तपासणी करून घ्या, लेझर करा वा न करा.

गोगलगाय

एका डोळ्याला लांबचं, एका डोळ्याला जवळचं, असंही करतात ना? माझ्या मावशीने केलंय.

कवडसा

करतात, मोनोव्हिजन म्हणतात त्याला. पण त्यात जवळच्या डोळ्याला −१.५ च्या आसपास ठेवतात. तो डोळा ६५-७० सेंटिमीटरवर बघतो, फोन-संगणकाला ठीक. धागाकर्त्याला १७ सेंटिमीटर हवेत. एवढा फरक दोन डोळ्यांत ठेवला तर मेंदू सहन करत नाही, आणि खोलीचा अंदाज, ज्याबद्दल ते आत्ताच बोलले, तोच जातो.

जुनेखोड

डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, आयसीएल, तिचाही विचार केला असेल तर: ती काढता येते हा फायदा, पण जवळच्या कामाचं दुखणं तिथेही तेच.

आणि ज्या कोणी लेझर केली असेल त्यांनी आधीची मापं जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाची ताकद बुबुळाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझरने ती बदललेली असते. जुना कागद असला की डॉक्टरांचं काम सोपं होतं. माझा कुठे गेला देव जाणे.

तासकाटा

सगळ्यांचे आभार. तूर्त असं ठरवतोय: लेझर नाही. ट्रेकला आणि लग्नकार्याला रोज फेकायच्या टोरिक लेन्स, आणि लेन्स असताना वाचायला खिशात साधा जवळचा चष्मा. बाकावर उघडे डोळे. चष्मा मात्र नवा करायचाय, सध्याच्या काचा कडेला जाड आहेत. काय मागू? दुकानदार ब्लू-कटचा (निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचा) आग्रह करतोय.

कवडसा

१.६७ इंडेक्सची (पातळ) काच आणि लहान, गोलसर फ्रेम. नुसती महागडी पातळ काच मोठ्या फ्रेममध्ये बसवली तर कडा जाडच राहतात. काचेचा मध्य बाहुलीसमोर येतोय ना ते बघून घ्या. परावर्तन कमी करणारा थर हवाच, रात्री उपयोग होतो. ब्लू-कटमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असं २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (त्यात अनेक चाचण्या एकत्र तपासतात) दिसलं नाही, ते पैसे वाचवा.

आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. −६ चा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, कडेला पातळ जागा असू शकतात. लेझर केली असती तरी ही तपासणी सुटली नसती, कारण नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते. अचानक खूप काळे ठिपके, कडेला लखलखाट किंवा नजरेसमोर एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर भेटीची वेळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

तासकाटा

थेंब घातल्यावर त्या दिवशी बाकावर बसता येईल का?

कवडसा

चार-सहा तास तरी उजेड टोचेल आणि अंधुक दिसेल. गाडीही चालवू नका. सुट्टीच्या दिवशी जा.