आंब्याच्या ऑर्डरचे मेल गिऱ्हाइकांपर्यंत पोचत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते. मागच्या आठवड्यात दोन ओळींत विचारलं होतं, तर 'स्पॅम बघा' एवढंच उत्तर आलं.

देवगड तालुक्यात कुणकेश्वरच्या वाटेवर आमची हापूसची बाग आहे. तीन सीझन झाले, वेबसाइटवरून थेट पेट्या विकतो. साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर, दुकान त्याला जोडलेल्या वूकॉमर्सचं. भाच्याने बांधून दिली आणि तो परदेशी गेला. आमची काढणी चालू असते तेव्हा त्याची झोपायची वेळ. ऑर्डर आली की साइटवरून एक मेल जातो, आणि पेटी गाडीत चढली की दुसरा: कुठली ट्रॅव्हल्स, कुठे उतरणार, साधारण किती वाजता.

हा दुसरा मेल न पोचणं म्हणजे काय, ते मागच्या मंगळवारी कळलं. बोरिवलीच्या एका बाईंची पाच डझनांची पेटी पहाटे उतरली. मेल स्पॅममध्ये, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. पेटी दोन दिवस पार्सलवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत. बाईंनी फोटो पाठवला, वरच्या थरातले आंबे देठाशी काळे पडलेले आणि पेंढा ओलसर. पैसे परत केले. बाबा म्हणाले, "पत्र टाकला तर चार दिसांनी तरी पोचता, हो तुझो मेल खंय अडाकलो?"

व्हॉट्सॅप का करत नाही, हे कुणीतरी विचारणारच. करते, पण अढीत हात असताना साठ जणांना एकेक निरोप धाडणं जमत नाही.

आता परिस्थिती. साइट शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइटी एकाच सर्व्हरवर) आहे आणि मेल वर्डप्रेसच थेट पाठवतं, मध्ये काही प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) नाही. साइटच्या नोंदीत प्रत्येक मेलपुढे 'पाठवला' असं हिरवं दिसतं. जीमेलवाल्यांचे बरेच स्पॅममध्ये जातात, काही '५५० ५.७.२६' असा आकडा घेऊन परत येतात. याहूवाल्यांची वेगळीच तऱ्हा: त्यांनी आमच्या साइटवरचा चौकशीचा फॉर्म भरला, तर तो आम्हालाच मिळत नाही. होस्टिंगवाल्यांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा 'आमच्याकडून मेल सुटला आहे' एवढंच.

आमच्या डोमेनचे (साइटच्या नावाचे) मेलबॉक्स झोहो या मेलसेवेवर आहेत. डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींत) एसपीएफचे, म्हणजे आमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्या यादीचे, दोन रेकॉर्ड दिसतात, एक होस्टिंगवाल्यांनी घातलेला, दुसरा मी झोहोच्या सूचना वाचून घातलेला. दोन असले तर दुप्पट चांगलं असं वाटलं होतं. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, फक्त झोहोचं. डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याची सूचना, नाही.

आणि एक कबुली. पाडव्याला गेल्या दोन वर्षांच्या ६०० गिऱ्हाइकांना 'आंबा सुरू झाला' असा मेल साइटवरूनच एका दमात पाठवला होता.

होस्टिंग बदलू का? पैसे भरून वेगळी सेवा घेऊ का? सीझन चालू आहे, साइट बंद पडलेली परवडणार नाही.

प्रतिसाद १

ताई, एसपीएफचे दोन रेकॉर्ड म्हणजे एकही नाही. एका डोमेनला एकच चालतो, दोन सापडले की तपासणारा 'पर्मएरर' (कायमची चूक) देऊन मोकळा होतो. आजच्या आज दोन्हींचे 'इन्क्लूड' (अमक्या सेवेची यादीही धरा, असं सांगणारे भाग) एका ओळीत आणा आणि दुसरा रेकॉर्ड काढून टाका. त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकशांना १० ची मर्यादा आहे, तेव्हा जो भेटेल तो इन्क्लूड घालत सुटू नका.

५.७.२६ म्हणजे जीमेल म्हणतंय की पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सगळ्यांनाच लागतं. दोन्ही आणि वर डीमार्क, ही अट दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना. तुमचा आकडा तेवढा नाही, तरी तिन्ही करून टाका.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीचा, धंदा हाच, म्हणून आंब्याच्याच भाषेत सांगतो. एसपीएफ म्हणजे 'आमच्या पेट्या या या गाड्यांतूनच येतात' अशी तुम्ही लावलेली यादी. डीकेआयएम म्हणजे पेटीवरचं सील. पेटी मध्येच दुसऱ्या गाडीत चढवली, म्हणजे गिऱ्हाइकाने ऑफिसचा मेल घरच्या पत्त्यावर फॉरवर्ड लावून ठेवला असला, की गाडी यादीतली राहत नाही. सील मात्र शाबूत राहतं. म्हणून सील हवंच. आणि डीमार्क म्हणजे पेटीवर नाव देवगडचं, पण गाडी आणि सील दोन्ही परक्याचं, असा माल आला तर काय करायचं याची सूचना. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी देवगडच्या खोक्यात कर्नाटकचा आंबा येतोच ना? मेलमध्ये निदान हे तपासणारा दारात उभा असतो.

याहूचं कोडं यातच सुटतं. तुमचा फॉर्म गिऱ्हाइकाचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालत असणार. म्हणजे तुमचा सर्व्हर 'मी याहू' म्हणून मेल धाडतो. अशा मेलला दारातूनच परत पाठवा, असं याहूने २०१४ पासून सांगून ठेवलंय. 'फ्रॉम'मध्ये तुमचाच पत्ता ठेवा, गिऱ्हाइकाचा 'रिप्लाय-टू'मध्ये घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

होस्टिंग बदलू नका. साइट तिथेच राहू दे, फक्त मेल दुसरीकडून सोडा. अमेझॉन एसईएस, ब्रेवो, पोस्टमार्क, कुठलीही ऑर्डरच्या मेलची सेवा घ्या, एसएमटीपीचं (त्या सेवेतून मेल सोडणारं) प्लगइन टाका, पोर्ट (सर्व्हरचा दरवाजा) ५८७. शेअर्ड होस्टिंगवर एकाच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) शंभर जणांच्या साइटी मेल पाठवतात, त्यातल्या एकाने घाण केली की वास सगळ्यांना.

पाडव्याचं मात्र चुकलंच. गूगल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका. ६०० मेलांना ०.३ टक्के म्हणजे दोनसुद्धा नाहीत. दोघांनी बटण दाबलं की ओलांडली रेषा. जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून (तुमच्याच डोमेनच्या पोटनावावरून) पाठवा आणि त्यात 'नको' म्हणायची सोय ठेवा.

प्रतिसाद ३

जुना कॉम्प्युटर असेल तर घरीच मेल सर्व्हर लावा की! फुकटात होईल.

प्रतिसाद २ (पुन्हा)

देवगडात? वळवाचा पाऊस आला की लाइट किती वेळ जाते ते विचारा त्यांना. आणि घरगुती कनेक्शनवरून पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, बहुधा बंदच असतं, उघडं मिळालं तरी घरच्या आयपीवरून आलेला मेल कोण घेतो?

धागाकर्तीकडून अपडेट, चौथा दिवस

सगळ्यांचे आभार. रात्री पेट्या बांधून झाल्यावर बसत होते, म्हणून उशीर.

एसपीएफ एक केला. फॉर्मचा 'फ्रॉम' बदलला आणि त्याच संध्याकाळी याहूवरून एक चौकशी आली, ठाण्याचे गृहस्थ, तिसऱ्यांदा फॉर्म भरत होते म्हणाले. एक सेवा घेतली, प्लगइन बसवलं. डीकेआयएमने मात्र दोन रात्री खाल्ल्या. २०४८ बिटांच्या किल्लीची ती लांबलचक ओळ मी चिकटवायची आणि आमचं डीएनएसचं पॅनेल २५५ अक्षरांनंतर गुपचूप कापून टाकायचं. 'सेव्ह झाले' असं वर म्हणायचंही. शेवटी ओळीचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या अवतरण चिन्हांत घातले, तेव्हा लागलं. कुणाचं अडलं असेल तर आधी हेच बघा.

डीमार्क सध्या 'पी इज इक्वल टू नन' (नापास मेल अडवू नका, फक्त कळवा) ठेवलंय, अहवाल येण्यासाठी वेगळा पत्ता दिलाय. काल माझ्याच जीमेलवर ऑर्डर टाकली आणि मेल उघडून 'शो ओरिजिनल' पाहिलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, तिन्हींपुढे 'पास'. इनबॉक्समध्ये आला. बाबांना दाखवलं, तर त्यांनी वरची वेळ वाचली आणि म्हणाले, गाडी नऊची नाही, साडेनऊची आहे.

जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींकडे अजून स्पॅममध्येच जातोय. त्यांना फोन करून 'नॉट स्पॅम' दाबायला सांगतेय. एकच प्रश्न उरलाय: डीमार्क 'नन'वरून 'क्वारंटाइन'वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) कधी न्यायचं?

प्रतिसाद १

मे संपू दे. अहवालात तुमच्या नावाने मेल पाठवणारं आणखी कोण निघतं ते तोवर बघा, एखादं विसरलेलं बिलाचं सॉफ्टवेअर हमखास सापडतं. भर सीझनमध्ये हात लावू नका.

धागाकर्ती

सापडलं. बाबांचं जीएसटीच्या बिलांचं सॉफ्टवेअर, आमच्याच पत्त्यावरून मेल पाठवतंय. जूनमध्ये बघते.