मदत हवी आहे: मॅड्रिद ते लिमा, दोन वेगळी तिकिटं, मधे साडेतीन तास. पुरतील का?

रानवारा: तातडीचं आहे, म्हणून थेट विचारते. मॅड्रिदहून लिमाला जायचंय, मधे एक थांबा. एकत्र तिकीट फार महाग पडत होतं म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान उतरल्यापासून दुसरं सुटेपर्यंत साडेतीन तास मिळतात. विमानतळाबाहेर पडायचं नाहीये. मोठी बॅग एक. पेरूचा व्हिसा हातात आहे. वेळ पुरेल ना? हॉटेल आजच पक्कं करायचंय, कृपया लवकर सांगा.

पायवाट: थांबा कुठे आहे तेच लिहिलं नाहीये. आणि उतरणार त्याच विमानतळावरून पुढचं विमान आहे ना? शहराचं नाव एकच दिसतं आणि विमानतळ दोन निघतात. इस्तंबूलला एक युरोपच्या बाजूला, दुसरा सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. टोकियोत नारिता आणि हानेदा. तिकिटावरची विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं बघा.

दूरदेशी: साडेतीन तास भरपूर झाले. मी सव्वा तासात विमानं बदललेली आहेत. माझं ऐका, मोठी बॅग नेऊच नका. पाठीवरची एक सॅक, तीन जोड कपडे, रात्री धुवायचे आणि सकाळी घालायचे. मी कितीतरी वर्षं असाच फिरतोय, पट्ट्यापाशी ताटकळणं माहीतच नाही.

अक्षांश: @दूरदेशी, सव्वा तासात बदललीत ती एकाच तिकिटावर असणार. तिथे पहिलं विमान रखडलं तर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीच्या गळ्यात असतं. वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, विषय संपला. परतीचा प्रवास त्याच बुकिंगमध्ये असेल तर तोही सहसा रद्द होतो. बॅगही बहुतेक वेळा पुढे जात नाही, ती आपण उचलून पुन्हा काउंटरवर द्यायची.

दूरदेशी: म्हणूनच म्हणतोय, बॅग नको!

रानवारा: थांबा मायामीला. विमानतळ एकच आहे, बघितलं. बॅग लागणारच आहे, दीड महिन्याचा प्रवास आहे. मी फक्त वेळेचं विचारलंय.

अक्षांश: मायामी? अमेरिकेचा व्हिसा आहे का?

रानवारा: नाही. बाहेर पडायचंच नाही तर व्हिसा कशाला? दोह्याला विमान बदललं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

अक्षांश: हॉटेल पक्कं करू नका, आधी हे वाचा. दोह्यात विमान बदलणारे प्रवासी त्या देशात शिरतच नाहीत. अमेरिकेत तशी सोय नाही. पुढचं विमान दुसऱ्या देशाला जाणारं असलं तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅग ताब्यात, मग कस्टम्स. म्हणजे अमेरिकेत रीतसर प्रवेश. त्यासाठी व्हिसा हवा, निदान सी-१ हा ट्रान्झिटचा तरी. ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसामाफी आहे त्यांनाही एस्टा, म्हणजे आधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी, काढावा लागतो. तिकीट एक असो की दोन, यात फरक पडत नाही.

आणि हे मायामीला कळणार नाही, मॅड्रिदच्या काउंटरवरच कळेल. तिथले कर्मचारी टिमॅटिक नावाच्या प्रणालीत पासपोर्ट आणि मार्ग घालून बघतात. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला बसतो, त्यामुळे ते विमानात बसूच देत नाहीत.

दूरदेशी: इतकं घाबरवू नका हो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अमेरिकेतून व्हिसा न घेता पुढे गेलेले आहेत.

अक्षांश: कधी? व्हिसाशिवाय ट्रान्झिटची सवलत होती, ती ऑगस्ट २००३ मध्ये बंद झाली. त्या आठवणीवर आज कुणाला पाठवू नका.

निशिगंध: ताई, लिमाहून कुस्कोला जाणार असाल तर पहिले दोन दिवस दमाने घ्या. लिमा समुद्राकाठी आणि कुस्को साधारण ३,४०० मीटरवर. मला पहिल्या रात्री डोकेदुखीने झोप नव्हती. ॲमेझॉनच्या जंगलात उतरणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, दाखला दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात. पुढे ज्या देशात जाल तिथे तुम्ही कुठले यापेक्षा कुठून आलात हे बघून तो मागतात.
अवांतर: माझी पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे, ती विमानात चालते का?

पायवाट: @रानवारा, तिकिटं कधी काढली? थेट कंपनीकडून की मधल्या संकेतस्थळावरून? प्रवास कधी आहे? परत मॅड्रिदलाच येणार का? शेंगेन व्हिसा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) एकाच प्रवेशाचा असेल तर लिमाहून परतताना तिथेही अडाल.

रानवारा: काल रात्री काढली. निघायला तीन आठवडे आहेत. मायामीपर्यंतचं थेट कंपनीकडून, पुढचं एका संकेतस्थळावरून. हो, परत मॅड्रिदला. व्हिसावर एंट्रीजच्या रकान्यात मल्ट लिहिलंय.

पायवाट: मल्ट म्हणजे कितीही वेळा, ती काळजी मिटली. फक्त कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस तिथे राहता येतं, तो हिशोब आणि व्हिसाची शेवटची तारीख बघा.

आता तिकिटं. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी तिथल्या परिवहन खात्याचा नियम आहे: उड्डाणाला किमान ७ दिवस असतील आणि तिकीट थेट कंपनीकडून घेतलं असेल, तर २४ तासांत फुकट रद्द करता यावं, नाहीतर पैसे न भरता २४ तास राखून ठेवता यावं. तुमची कंपनी यातलं काय देते ते बुकिंगच्या पानावर आत्ता बघा. काल रात्री किती वाजता काढलं त्यावर सगळं आहे. मधल्या संकेतस्थळाला हा नियम बांधील नाही, तिथे त्यांच्या अटी वाचा. मॅड्रिदहून लिमाला थेट विमानं आहेत, महाग असलं तरी तेच घ्या.

दूरदेशी: थेट विमान असेल तर बॅग न्यायला माझी हरकत नाही.

रानवारा: पहिलं रद्द झालं, पूर्ण पैसे परत येतील असा मेल आला. दुसऱ्याच्या मदत क्रमांकावर कधीपासून ताटकळतेय, कुणी उचलत नाही.

अक्षांश: मेलमध्ये विमान कंपनीचा सहा अक्षरांचा वेगळा कोड असेल, संकेतस्थळाचा नव्हे. तो घेऊन थेट कंपनीला फोन करा. भाडं परत मिळालं नाही तरी न वापरलेल्या तिकिटावरचे विमानतळ कर लेखी मागा, काही कंपन्या देतात. आणि उड्डाणाच्या आधी रद्द करा, नंतर मागणं अवघड.

पायवाट: @निशिगंध, चालते, पण हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने साधारण ७४ वॅट-तास, मर्यादा १०० ची. बाहेरची अक्षरं पुसली असतील तर सुरक्षा तपासणीत काढून घेऊ शकतात, तेवढं बघून ठेवा.