प्रति: रेपो हलवणं पाच मिनिटांचं काम आहे का?

या चर्चेत वर म्हटलंय की रेपो, म्हणजे प्रकल्पाच्या कोडचा साठा, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हलवायचा तर मिरर क्लोन (इतिहासासकट पूर्ण प्रत) घ्या, नव्या जागी पुश करा (म्हणजे चढवा), पाच मिनिटांत काम झालं. कोडपुरतं ते बरोबर आहे. कमिट (बदलांच्या नोंदी), ब्रँच, टॅग सगळं गिटमध्येच, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातच असतं. पण इश्यू (बग आणि सूचनांच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याच्या विनंत्या) यांवरच्या चर्चा प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसमध्ये असतात. आणि एखादी ओळ अशी का लिहिली, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच सापडतं.

सीपायथनचंच, म्हणजे पायथन भाषेच्या मूळ अंमलबजावणीचंच बघा. कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनावरून गिटहब या प्लॅटफॉर्मवर आला, पण इश्यू यायला एप्रिल २०२२ उजाडला. तोवर पाच वर्षं कोड एकीकडे आणि बगच्या नोंदी दुसरीकडे. जुन्या कमिट संदेशांत दिसणारे 'बीपीओ' क्रमांक bugs.python.org या बगच्या नोंदींच्या जुन्या ट्रॅकरचे. तो नुसता वाचण्यापुरता चालू ठेवलाय, म्हणून माग काढता येतो. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

आमच्या छोट्या लायब्ररीत ती घेतली गेली नाही. आयात करताना बंद झालेले इश्यू गाळले, त्यामुळे क्रमांक बदलले. आज जुन्या कमिट संदेशातल्या 'फिक्सेस #४२' (इश्यू ४२ सोडवला) वर क्लिक केलं की भलताच, भाषांतराबद्दलचा इश्यू उघडतो. खरा ४२ कुठे गेला हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

तेव्हा कळकळीची विनंती: आधी चाचणी म्हणून एकदा पूर्ण आयात करा, दहा-बारा जुने दुवे हाताने तपासा. आणि जुना रेपो डिलीट करू नका. रीडमीत नवा पत्ता लिहून तो अर्काइव्ह करा (नुसता वाचण्यापुरता ठेवा), लोकांच्या बिल्ड स्क्रिप्ट अजून तिथूनच कोड ओढत असतात.