अनुभव धागा : खिशातला घडीचा चाकू, तोही कमी पैशात

बालाघाटी
काल माळवदावरची खोली आवरताना अण्णांची पत्र्याची पेटी निघाली. अडकित्ता, चुन्याची डबी आणि त्यांचा घडीचा चाकू. पातं आत गंजून बसलेलं. खोबरेल तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवला, सकाळी नखाने ओढला तर कुरकुरत उघडला. धार लावून लावून पातं निम्म्या रुंदीचं उरलंय.

माळेगावच्या यात्रेत घेतलेला. मी चौथीत असेन. अण्णा पालासमोर उकिडवे बसून एकेक चाकू उघडायचे, पातं बोटांत धरून डावीउजवीकडे हलवायचे, मग मिटवून उन्हाकडे धरायचे. फटीत पातं मधोमध बसलंय का एका अंगाला घासतंय ते बघायला. अर्धा तास झाला तसा विकणारा वैतागला, "मामा, चाकू बघायलेत का पोरगी?" अण्णा म्हणले, "पोरीला एवढा वेळ लावला नव्हता." आई शेजारीच उभी होती.

हे आठवायचं कारण, भाचा परभणीला शेतकीच्या कॉलेजात आहे, त्याला हजाराच्या आत घडीचा चाकू पाहिजे. सुतळी, फळं, जमलं तर कलमं. मला अण्णांच्या पद्धतीपलीकडं काही कळत नाही. तुम्ही काय घेतला, काय पस्तावलात ते लिहा.

मोसंबीवाला
१४ कामांचा एकच चाकू घेऊ नका. एवढंच.

मोसंबीवाला
बरं सविस्तर. ऑनलाइन ३५० ला घेतला. पेचकस, कात्री, करवत, माशाचे खवले काढायची पट्टी. बागेत ठिबकची नळी कापायला काढला, तिसऱ्याच दिवशी पाती धरणारा खिळा ढिला आणि सगळी पाती पंख्यासारखी बाहेर. जालन्यात एवढं लोखंड वितळतं आणि माझ्या नशिबी हे पत्र्याचं.

गोदाकाठ
ती खवल्याची पट्टी इकडं पाठवा, पैठणला नाथसागराचे मासे आहेत :)

लातूरकर_लका
मी ओपिनेल ८ नंबर वापरतो, फ्रान्सचा. बजेटच्या बाहेर जाईल पण एकदाच. लाकडी मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, मानेशी एक कडं असतं ते फिरवलं की पातं जागेवर पक्कं. दोन प्रकारात येतो, साधं पोलाद आणि स्टेनलेस. मी शहाणपणा करून साधं पोलाद घेतलं कारण धार लवकर लागते म्हणे. लागते खरी. पण पहिल्याच दिवशी कैरी कापली, पातं निळं-काळं आणि कैरीला लोखंडाची चव. बायको म्हणली, हे आता तुमचं तुम्हीच खा. आणि पावसाळ्यात मूठ फुगते, मग पातं उघडायला दोन माणसं लागतात. भाच्याला स्टेनलेसच सांगा.

कामून_रे
लका लातूरचे कुठले तुम्ही? आमची बहीण औसा रोडला दिलीय.

लातूरकर_लका
अंबाजोगाई रोड. पण मेव्हणे सगळे औशाचे :)

पाचवा_वॉर्ड
दवाखान्यात मलमपट्टी करतो म्हणून लिहितो. हुरड्याच्या दिवसांत चाकूने कापलेली बोटं लै येतात. माझंही एक त्यातलं. शेतावर बाटलीचं बूच चाकूच्या टोकाने उकरत होतो, चाकूला लॉक नव्हतं, नुसती स्प्रिंग. टोकावर जोर आला आणि पातं उलटं मिटलं, तर्जनीवर. तीन टाके, वर धनुर्वाताचं इंजेक्शन. ज्याला लॉक नाही त्याने फळ कापा, सुतळी कापा, पण टोकाने काही खुपसू नका, उकरू नका. भाच्याला लायनर लॉकचा बघा, मुठीच्या आत एक पट्टी असते, पातं उघडलं की ती मागून आडवी येते. दुकानातच उघडून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळू आपटा. बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका! लॉक निसटलं तर चाकू तिथंच परत द्या.

आत्याबाई
आमच्याकडं यांचा चाकू म्हणजे सुपारी, पेन्सिल, वायरीचं साल आणि पायाचं कुरूप. त्याच चाकूने मला आंबा कापून देणार, प्रेमाने. मी विळीच घेते बाई. (कुकरची शिट्टी झाली, नंतर येते)

बालाघाटी
@आत्याबाई अण्णा धोतराला पुसायचे, की झाला निर्जंतुक.

भाता
आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकीची भट्टी. दोन गोष्टी सांगतो.

एक, चुंबक न्या सोबत. चाकूचं स्टील चुंबकाला धरतं. अजिबात धरलं नाही तर ते ताटवाटीच्या जातीचं, त्याला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून, बुडवून कडक करता येत नाही. आज धार लावा, परवा बोथट.

दोन, आणि हे जास्त लोक करतात. चांगला चाकू सायकलवाल्याच्या फिरत्या दगडाला देतात. ठिणग्या उडताना बघून बरं वाटतं. पण धारेपाशी निळसर पट्टा आला की समजा पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ पडला. घरी दोन बाजूंचा दगड ठेवा, एक खरखरीत एक बारीक. पाणी टाकून, पातं दगडावर साधारण २० अंशांनी धरायचं, म्हणजे पाठीखाली जेमतेम काडीपेटी शिरेल एवढं... नाही, लहान पात्याला काडीपेटी जास्त होईल, तीन-चार नाणी म्हणा. एका अंगाने घासत जा, दुसऱ्या अंगाला नखाला बारीक कंगोरा लागला की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं, पात्याची पाठ पुढे ठेवून ओढा. लोक पन्नास वेळा घासतात आणि कंगोरा बघतच नाहीत, मग दगडाला शिव्या.

गोदाकाठ
काडीपेटीचा हिशोब वाचून मी खरंच उठून चाकू घेऊन बसलो. आता रविवार गेला.

रोपवाटिका
कलमाला वेगळा चाकू घ्यायला सांगा. सीताफळाची कलमं करतो, वर्षाला बरीच. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने असते, म्हणून काप सपाट येतो आणि साल सालीला चिकटून बसते. त्यानेच सुतळी कापली की संपलं. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसा, रोग चाकूवरनं जातो. हजारात दोन साधे चाकू बसतात, एक भारी घेण्यापेक्षा ते बरं. पोरं ऐकत नाहीत, त्यांना काळा कोटिंगवाला पाहिजे.

येलदरी
खटक्याचा, बटण दाबलं की फटकन उघडणारा, घेऊ देऊ नका. पोरगा शेतकीचा आहे हे कुणाला पटवत बसणार. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, घरकाम आणि शेतीकामाचे सोडून. आपला तीन इंचाचा त्यात येत नाही, पण सणावाराला पोलिसांचा मनाई आदेश निघतो तेव्हा मोर्चात, मिरवणुकीत लहान चाकूही खिशात नको. आणि विमानात केबिनमध्ये चालत नाही, मोठ्या बॅगेत टाका. चिकलठाणा विमानतळावर माझा छोटा व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू ट्रेमध्ये ठेवून गेलो. सासऱ्यांनी दिलेला. अजून त्यांना सांगितलं नाही.

पाचवा_वॉर्ड
सासरे इथं वाचत नसतील ना?

येलदरी
ते फक्त गुड मॉर्निंग पाठवतात.

कामून_रे
नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांत बघा. तलवारी, कृपाण बघायला गेलो आणि बारका घडीचा २०० ला घेऊन आलो. चार वर्षं पेरू कापतोय. लॉकबिक काही नाही.

आत्याबाई
आले परत. पेरूला चाकू कशाला हो, दात पडले का?

बालाघाटी
सगळ्यांचे आभार. ठरलं असं, भाच्याला ६०० पर्यंतचा लायनर लॉकवाला स्टेनलेस आणि कलमाचा साधा वेगळा. चुंबक मी फ्रिजच्या दारावरचं काढून दिलंय. अण्णांच्या चाकूला @भाता म्हणतात तसा कंगोरा काढून धार लावली, कागद चिरतो. खिळा मात्र तसाच, इतक्या वर्षांत हललेला नाही.

धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणते, मला बघायला पंधरा मिनिटं लावली होती, त्यातली दहा चहात गेली.

मोसंबीवाला
माझ्या १४ कामांच्या चाकूची बाटली उघडणी अजून चालू आहे, कुणाला पाहिजे का? टपालखर्च तुमचा.