नंबर न देताही बिल निघतं
एकांनी लिहिलंय की दुकानात मोबाईल नंबर दिल्याशिवाय सिस्टीममधून बिलच निघत नाही. हे काही पटत नाही. ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं अन् विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतंय.

लातूरला कपड्याच्या एका मोठ्या दुकानात माझ्या पुढं कॉलेजची पोरगी होती, तिनं नंबर हळू सांगितला तर काउंटरवाला एकेक आकडा मोठ्यानं म्हणत टाईप करायला, मागची सगळी रांग ऐकायली. पोरीबाळींचा नंबर असा चारचौघात जातो याचा कुणी विचारच करंना, लई राग आला. माझी पाळी आल्यावर देत नाही म्हणलं, तर 'सर कंपल्सरी आहे'. मॅनेजरला बोलवायला लावलं, त्यानं नंबरचा रकाना रिकामा सोडून एंटर दाबलं, निघालं की बिल! कुणी अडवलंच तर तिथूनच १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीत बोलता येतं.