हिवाळी अधिवेशन आकाशवाणीवरून नीट समजून घ्यायचं तर कसं ऐकावं?

प्रश्न – धंतोली_वाचक

नमस्कार मंडळी. राज्यसेवेच्या तयारीसाठी यंदा नागपूर अधिवेशनाच्या नोंदी टीव्हीऐवजी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांवरून काढायच्या आहेत. अडचणी तीन. संध्याकाळी मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला (नागपूर केंद्र) खरखर फार येते. दुसरं, एकच विधेयक दोन-तीनदा 'मांडलं' असं ऐकू येतं, मग ते झालं की नाही? आणि पुरवणी मागण्यांचा (अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं त्या जादा खर्चाचा) आकडा रेडिओवर एक, पेपरात दुसरा. जाणकारांनी सांगावं.

---

उत्तर १ – फेराइट_भाऊ

खरखरीचं आधी निपटवू. संच डिजिटल ट्यूनिंगचा असेल तर पहिले मीडियम वेव्हची स्टेप पहा. आपल्याकडे दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असते, म्हणून ५७६, ५८५, ५९४. बाहेरून आणलेले बरेच संच १० च्या स्टेपवर असतात. ते ५८० वर थांबतात नाहीतर ५९० वर, आणि आपण म्हणतो केंद्र खराब होऊन राहिलं. सेटिंगमध्ये ९ करा; पट्टा ५२० ऐवजी ५२२ पासून सुरू झाला की समजायचं बदल झाला.

मग घरातला गोंगाट. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सगळे मीडियम वेव्हवर घरघर टाकतात. संच सेलवर चालवा आणि एकेक स्विच बंद करत जा, चोर पाच मिनिटांत सापडतो. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबखाली सिग्नल मरतो, खिडकीशी ठेवा. मीडियम वेव्हला वर काढायची दांडी उपयोगाची नाही, ती एफएमची. आतली फेराइटची कांडी काम करते, म्हणून अख्खा संच आडवा फिरवायचा. कांडीचं टोक ज्या दिशेला, तिकडचं सगळ्यात कमी ऐकू येतं. तर टोक गोंगाटाकडे करा.

संध्याकाळीच का? डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधार पडला की दूरची केंद्रं आकाशातून परावर्तित होऊन त्याच जागी येऊन बसतात. त्याला इलाज नाही. संध्याकाळचं बातमीपत्र न्यूजऑनएअर ॲपवर ऐका. तिथल्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांचं ध्वनिमुद्रण असते, बऱ्याच केंद्रांची लेखी प्रतही. नोंदीसाठी लेखी प्रतच बरी.

---

उत्तर २ – तारांकित

ऐकताना क्रियापद पकडा. संपादकाला दहा मिनिटांत हजार-अकराशे शब्दच मिळतात, ठळक बातम्या आणि निरोप धरून. त्यामुळे विधेयक नेमकं कुठल्या टप्प्यावर आहे हे एका क्रियापदात उरकलेलं असतं.

'मांडलं' म्हणजे फक्त सभागृहापुढे आलं. त्यानंतर चर्चा, कलमवार विचार, मंजुरी, मग दुसरं सभागृह, मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. मध्येच 'संयुक्त समितीकडे पाठवलं' ऐकलंत तर काही महिने विसरा. विशेष जनसुरक्षा विधेयक घ्या. जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडलं. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होतं (अनुच्छेद १९६), म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात पुन्हा मांडलं आणि ते संयुक्त समितीकडे गेलं. मंजूर झालं जुलै २०२५ मध्ये, विधानसभेत १० तारखेला, परिषदेत ११ ला. दोनदा 'मांडलं' ऐकू येण्याचं कारण हे. नुसतं अधिवेशन संस्थगित झाल्याने (म्हणजे रीतसर संपल्याने) विधेयक मरत नाही, हेही टिपून ठेवा. परीक्षेत नेमकं इथेच अडकवतात.

'मंजूर' म्हणजेही कायदा नव्हे. काही विधेयकं राज्यपाल राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवतात. महिला-बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षेचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झालंच नाही.

अजून काही जोड्या. 'तहकूब' होते बैठक, 'संस्थगित' होतं अधिवेशन. 'अध्यक्ष' म्हटलं की विधानसभा (२८८), 'सभापती' म्हटलं की परिषद (७८). घाईत ऐकताना सभागृह ओळखायची हीच खूण. 'प्रश्नाला उत्तर देताना' म्हटलं तर मंत्री उभे राहून बोलले आणि त्यांना उपप्रश्न झेलावे लागले. 'लेखी उत्तरात' म्हटलं तर प्रश्न अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा) होता, नाहीतर तारांकित (तोंडी उत्तराचा) असून पुकारलाच गेला नाही. उलटतपासणी झालेली नाही, म्हणून त्या उत्तराचं वजन कमी धरा. 'नियम २९३ अन्वये' आलं की विधानसभेतली लांब चर्चा, '२६० अन्वये' आलं की परिषदेतली.

'घोषणा केली' याला सगळ्यात कमी भाव द्यावा असं माझं मत. शासन निर्णय निघेपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयात त्या घोषणेवर कुणी कागद हलवत नाही. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधा, त्याचा संकेतांक वहीत लिहा, मगच त्या नोंदीपुढे बरोबरची खूण करा.

आकड्यांचं कोडं साधं आहे. पुरवणी मागण्यांना दोन आकडे असतात, स्थूल आणि निव्वळ. केंद्राकडून येणारी रक्कम किंवा नुसती जमाखर्ची नोंद वजा केली की तिजोरीवरचा निव्वळ भार उरतो आणि तो बराच लहान असू शकतो. मोठा दिसतो म्हणून मथळ्यात स्थूल आकडा येतो, सरकारी टिपणात दोन्ही असतात. तुम्ही दोन रकाने करा. शिवाय पहिल्या दिवशी मागण्या 'सादर' होतात, मंजूर नाही. चर्चा, मतदान, शेवटी विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायची परवानगी. ते झाल्यावरच पैसा खर्ची टाकता येतो.

---

धंतोली_वाचक

आभार, स्टेप खरंच १० वर होती! अजून एक विचारतो. विरोधक अर्धा तास बोलतात आणि रेडिओवर फक्त 'विरोधकांनी सभात्याग केला' एवढंच येतं. हे सरकारी माध्यम म्हणून का?

---

उत्तर ३ – सिव्हिल_लाइन्स

थोडं तसं, पण सगळं तेवढ्यावर ढकलू नका. आकाशवाणीची जुनी प्रसारण संहिता आहे. पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र वा राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको, राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत. आकाशवाणीला स्वायत्तता देणारा १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये लागू झाला तरी ती सवय गेली नाही. आरोपापेक्षा घटना सांगणं सोपं पडतं. सभात्याग ही घटना आहे.

दुसरी बाजू कायद्याची. अनुच्छेद ३६१ क मुळे सभागृहाच्या कामकाजाचं सारतः खरं वृत्त देणाऱ्याला संरक्षण मिळतं, प्रसारणालाही. पण पीठासीन अधिकाऱ्यांनी (अध्यक्ष वा सभापती) एखादा शब्द कामकाजातून काढून टाकला आणि तो तुम्ही सांगितला, तर हक्कभंगाची टांगती तलवार. दुपारी बोललेलं संध्याकाळी नोंदीत राहील की नाही, याची खात्री बातमीपत्र बंद होताना नसते. मग संपादक ते वाक्य गाळतो. इथे शंका आली तर गाळायचं, हाच रिवाज.

म्हणून विरोधकांचा मुद्दा कळायला लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) पहा. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका असते. सकाळी ती वाचून विषयांवर खुणा करा, संध्याकाळी बातमीपत्रात त्यातले किती आले ते मोजा. जे आले नाहीत ते पेपरात शोधा. रेडिओचा कल कुणाला विचारायची गरज नाही, वहीत आठवड्याभरात दिसतो.

अन् खासगी एफएमवर विधानसभेची वेगळी बातमी शोधू नका. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. दिल्याच तर आकाशवाणीच्या, काही न बदलता.

---

फेराइट_भाऊ

विदर्भाच्या अभ्यासाला एक जोडतो. बातमीत 'वैधानिक विकास मंडळ' (विदर्भासारख्या भागांच्या समतोल विकासासाठीचं) आलं की काळ पहा. अनुच्छेद ३७१(२) खालची मंडळं १९९४ मध्ये आली, मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. 'पुनर्गठनाची मागणी' आणि 'पुनर्गठन' यात एकच शब्द कमी-जास्त आहे, अन् खरखरीत नेमका तोच बुडतो.

---

तारांकित

आणि 'नागपूर करारानुसार' (विदर्भ महाराष्ट्रात सामील करण्याच्या अटींचा करार) ऐकलं की सप्टेंबर १९५३ लिहा, १९६० नाही. १९६० हे राज्याचं आणि इथल्या पहिल्या अधिवेशनाचं साल. दरवर्षी इथेच होतं असंही धरू नका: २०२० आणि २०२१ चं हिवाळी मुंबईत झालं, आणि २०१८ चं पावसाळी नागपुरात. त्या जुलैत पावसाचं पाणी शिरून विधानभवनाची वीज गेली आणि कामकाज तहकूब करावं लागलं. तहकूब, संस्थगित नव्हे.