फिश टँकमधलं शेवाळ: खरवडून काढायचं की थोडं राहू द्यायचं?

दोनफुटी

घरातल्या छोट्या टँकबद्दल एक मत मांडतोय. बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी मांडतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ भरला तरी त्यात ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि दगड वजा केले की हातात उरतं चाळीस-पंचेचाळीस लिटर. एवढ्याशा पाण्यात आपण शेवाळाच्या मागे हात धुऊन लागतो आणि मार मात्र माशांना बसतो. काचेवरचं हिरवं शेवाळ दिसायला वाईट असेल, पण त्याने मासे मरत नाहीत. मरतात ते आपण ते घालवायला जे उपद्व्याप करतो त्यांनी.

आपल्याकडची सर्रास पद्धत बघा. रविवार आला की मासे बादलीत, टँक मोरीत, खडी नळाखाली खळाखळा धुतलेली आणि फिल्टरचा स्पंज साबण लावून चोळलेला. काच लख्ख! मग ताजं नळाचं पाणी, त्यात निळ्या औषधाचे चार थेंब आणि मासे परत आत. मंगळवारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, बुधवारी एखादा उताणा. दुकानदार म्हणतो, पाणी मानवलं नाही.

पाण्याचा दोष नसतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर घालतं. स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी, तिसरा त्या मानाने बराच सोसवतो. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ती आपण रविवारी सकाळी साबणाने आणि नळाच्या क्लोरीनने मारून टाकतो. शेवाळही अमोनिया आणि नायट्रेट शोषत असतं, तेही त्याच दिवशी साफ. म्हणजे माशांचे दोन्ही आधार एकदम गेले.

म्हणून माझं म्हणणं: फक्त समोरची काच पुसा. मागची आणि बाजूची राहू द्या. दिवा दिवसाला सहा-सात तासच, टायमर लावून. टँक खिडकीच्या उन्हात नको. खाणं दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच, आठवड्यातून एक दिवस उपास. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळा. शेवाळ मारायचं औषध नको आणि 'टँक क्लीनर' म्हणून विकला जाणारा सकर मासाही नको.

काचसाफ

असहमत. मी लोकांच्या घरी, दवाखान्यांत, हॉटेलांत टँकची देखभाल करतो, त्यामुळे हे रोजचंच आहे. स्पंज साबणाने धुऊ नये हे तुमचं अगदी बरोबर. पण मागची काच हिरवी ठेवा म्हणालात तर उद्या लोक टँकच काढून टाकतील. माणूस टँक घेतो तो बघायला.

शिवाय शेवाळ निरुपद्रवी नाही. केसांसारखं लांब वाढणारं शेवाळ फिल्टरच्या तोंडाशी गुंततं, पाण्याचा प्रवाह मंदावतो. झाडांच्या पानांवर बसलं की पान कुजतं. आणि दिवा गेला की हेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन वापरतं. दाट शेवाळाच्या टँकमध्ये पहाटे मासे वर आलेले मी पाहिलेत.

औषधालाही सरसकट नावं ठेवू नका. दगडाला काळ्या दाढीसारखं चिवट शेवाळ धरतं, ते नखाने निघत नाही आणि कुठला मासा सहसा तोंड लावत नाही. मी फिल्टर बंद करतो, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजमध्ये घेतो आणि पाण्याखाली थेट त्याच्यावर हळूहळू सोडतो. बारीक बुडबुडे येतात. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. एक-दोन दिवसांत काळा झुबका गुलाबी पडतो आणि मग मॉली मासे येऊन तो कुरतडून खातात. अजून एकाही माशाला काही झालेलं नाही.

दोनफुटी

@काचसाफ, सिरिंजने एका जागी पेरॉक्साइड सोडणं आणि बाटलीतलं औषध अख्ख्या पाण्यात ओतणं यांत मी फरक करतो. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं. दुकानातल्या कित्येक शेवाळनाशकांत तांबं असतं. त्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात आणि तांबं खडीत बसून राहतं. दुसरं म्हणजे सगळं शेवाळ एकदम मेलं की ते टँकमध्येच कुजतं. कुजताना ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. मे महिन्यात हे फार महागात पडतं, कारण २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच.

रात्रीच्या ऑक्सिजनचं मान्य. पण मी पातळ थराबद्दल बोलतोय, जंगलाबद्दल नाही.

मासेवेडी

आमच्याकडे दोन फुटी टँकमध्ये गप्पी आणि एक सकर आहे. सकर आल्यापासून काच आरशासारखी आहे. गरीब बिचारा दिवसभर चिकटून असतो, कुणाला त्रास नाही. त्याच्यावर एवढा राग का?

नदीकाठ

मासेवेडी ताई, राग माशावर नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. दुकानात बोटाएवढा असतो आणि पुढे फूटभराच्या वर जातो. दोन फुटी टँकमध्ये त्याला वळायलाही जागा उरत नाही. मोठा झाला की तो काच चाटण्यापेक्षा माशांसाठी टाकलेल्या गोळ्याच जास्त खातो आणि त्याची घाण इतकी, की खडीवर लांबच लांब दोरे पडलेले दिसतात. म्हणजे ज्या खतावर शेवाळ पोसतं ते खत तोच घालतो.

मग कंटाळून लोक त्याला नदीत नाहीतर तळ्यात सोडतात. आंध्र-तेलंगणातले कोळी त्याला 'सैतान मासा' म्हणतात. पाठीचे काटे जाळ्यात अडकून जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. केरळातल्या आणि बंगालमधल्या पाणथळ जागांतही तो पसरलाय. आपल्याच नद्यांत दगडावरचं शेवाळ खाणारे मासे आहेत. साइक्स या इंग्रज अभ्यासकाने १८३९ मध्ये दख्खनमधून नोंदवलेला गारा मुल्या त्यांतलाच. पण त्यालाही वाहतं, गार, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं, म्हणून तोही घरी आणू नका. छोट्या टँकला नेराइट गोगलगाय बरी. काच छान साफ करते आणि तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नसल्यामुळे संख्या वाढत नाही. काचेवर पांढरी टिंबं टाकते, तेवढं सोसावं लागतं.

बोअरचं पाणी

सगळे 'पाव भाग पाणी बदला' म्हणून मोकळे होताय. आम्ही विदर्भातले, घरी बोअर. आमच्याकडे बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असतं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि शेतांमधल्या कित्येक विहिरी-बोअर ती ओलांडतात. पाणी बदलतो म्हणजे आम्ही शेवाळाला नवं खत घालतो! दिवा कमी करून पाहिला, खाणं कमी केलं, केसाळ शेवाळ हटेना.

फरक पडला तो झाडांनी. हायड्रिला मूठभर टाकली, व्हॅलिस्नेरिया लावली आणि मनी प्लांटच्या चार फांद्या मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा काठावर अडकवल्या. मनी प्लांटला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळतो, त्यामुळे तो जोरात वाढतो आणि नायट्रेट ओढून घेतो. पांढरी मुळं झुपकेदार झाली तसं शेवाळ मागे हटलं. तेव्हा शेवाळ राहू द्या की काढा यापेक्षा त्याच्या तोंडचा घास दुसऱ्या कुणाला द्यायचा ते बघा.

एक सावधगिरी आमच्यासारख्यांसाठी. बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) बहुधा जास्त असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून असं पाणी असलेल्यांनी जास्त खाणं घालण्याची चूक तर अजिबात करू नये.

जलवनस्पती

बोअरचं पाणी यांना +१. टँकमध्ये झाडांच्या बागा रचणारे जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (२०१५ मध्ये गेले) यांच्या टँकचे फोटो पाहिले असतील तर शेवाळाचा ठिपका दिसत नाही. त्यांनी भरगच्च झाडं लावली आणि सोबत शेवाळ खाणारी कोळंबी वापरली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र त्यामागे रोजची कात्री आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर होतं हे विसरू नका. फक्त फोटो पाहून प्रखर दिवा आणला आणि झाडं चारच लावली, तर महिन्याभरात शेवाळच शेवाळ.

आणि दोनफुटी, तुमचा 'राहू द्या' सगळ्या शेवाळांना लागू नाही. नव्या टँकमधलं तपकिरी पुट आपोआप जातं, त्याला हात लावू नका. पाणीच मटारच्या सूपासारखं हिरवं झालं तर पाणी बदलून उपयोग नाही, टँक तीन-चार दिवस कापडाने पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा. निळसर हिरवा, चादरीसारखा निघणारा, कुबट वासाचा थर दिसला तर ते शेवाळ नसून जिवाणू आहेत. तो थर नळीने ओढून काढा, खडी ढवळा, प्रवाह वाढवा. काही जण त्यावर एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकतात. कृपा करून टाकू नका. माणसांची प्रतिजैविकं अशी मोरीतून गटारात सोडायची नसतात.

दोनफुटी

निळसर थराबद्दल पूर्ण सहमत, तो राहू द्यायचा नाही. बोअरचा मुद्दा मी मांडला नव्हता, चांगला आला. अशा ठिकाणी पाणी कमी बदलून झाडं वाढवणंच योग्य. मुख्य मुद्द्यावर मात्र ठाम आहे. माशांची तब्येत काचेवरून ठरत नाही. कल्ले किती वेगाने हलतात, पंख मिटलेले आहेत की पसरलेले, खाणं टाकल्यावर मासा येतो की कोपऱ्यात बसतो, हे रोज दोन मिनिटं बघा. त्यासाठी समोरची एक काच पुरे.

@काचसाफ, पेरॉक्साइडचं माप सांगाल का? लोक वाचून अंदाजाने ओततील.

काचसाफ

४० लिटरच्या टँकला एका वेळी १० मिलीच्या आत, आणि तेही ३ टक्क्यांचंच. दोन वेळांमध्ये दोन दिवस जाऊ द्या. कोळंबी किंवा मॉस ही पाणवनस्पती असेल तर नकोच.

मासेवेडी

सकरचं आता काय करू? तो वीतभर झालाय. दुकानदार परत घेत नाही म्हणतो.

काचसाफ

नदी-तळ्यात सोडू नका, नदीकाठ म्हणतात ते खरं आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाचा सहा फुटी टँक आहे, त्यांना विचारून दोन दिवसांत कळवतो. आणि दोनफुटी, तुमची मागची काच मी तरी पुसणारच.